नदीवाले भाऊ

पुरुषोत्तमभाऊंचा मुलगा नागपूरला असतो. वडील गेल्यावर महिन्याभरानं त्याचा मला फोन आला. बाबांची स्मरणिका काढायची आहे, तुम्ही बारा वर्षं नदी समितीचे सचिव होता, तेव्हा दोन पानं तुमची हवीतच, असं तो म्हणाला. वर हेही म्हणाला की गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे, बाबा नेहमी सांगायचे. बारा वर्षांत भाऊंनी माझ्याबद्दल काढलेला हा एकमेव चांगला शब्द. मी लिहायला बसलो. जे उतरलं ते स्मरणिकेत छापतील असं मला वाटत नाही.

भाऊंचा आर्वीला बिछायत केंद्राचा धंदा होता. मांडव, सतरंज्या, खुर्च्या, लाऊडस्पीकर, पाहुण्यांसाठी लाल मखमलीचा सोफा, सगळं त्यांच्याकडे मिळायचं. घर मात्र आमच्या बेलखेडीत, गावात शिरतानाच, आणि घराला लागून सामानाचं गोडाऊन. नदीचं काम सगळ्या गावांनी मिळून करायचं अशी योजना आली, तिची पहिली सभा ठरली, आणि सभेला खुर्च्या पाहिजेत म्हणून लोक भाऊंकडे गेले. भाऊंनी खुर्च्या फुकट दिल्या. सभा संपेपर्यंत ते अध्यक्ष झाले होते. त्यांना नदीतलं काय कळतं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला सचिव केलं ते अक्षरासाठी, हे वर आलंच आहे.

आमची कन्हाळी कारंज्याकडच्या टेकड्यांतून निघते आणि वर्धा नदीला जाऊन मिळते. वर टेकडीत गोंडांची छोटी वस्ती, तिला टोली म्हणतात, मधे आमचं बेलखेडी, खाली वाढोणी. बेलखेडीला एक कोल्हापुरी बंधारा आहे. म्हणजे ओळीनं सिमेंटचे खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत लोखंडी पाट्या सरकवल्या की पाणी अडतं. पावसाळ्यात पाट्या काढून ठेवाव्या लागतात, नाहीतर पूर शेतात घुसतो. पावसाळा सरला की त्या टाकायच्या. पण नेमक्या केव्हा, यातच सगळी गोम आहे. घाई केली तर परतीचा पाऊस काठची शेतं बुडवतो, आणि उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

समिती येण्याआधी हा निर्णय कोणी सभेत घेत नसे. नदीकाठी आमच्या गावातली बौद्धांची वस्ती आहे. पाट्या तिथल्या विहाराच्या ओसरीत रचून ठेवलेल्या असत. कोणी भंगारात विकू नये म्हणून अख्खी वस्ती त्यांच्यावर डोळा ठेवून असायची. दसऱ्याच्या सुमाराला पाणी नितळलं, पायाखालचा गोटा दिसायला लागला, की वस्तीतून टोलीला आणि वाढोणीला निरोप जायचा. टोलीची चार माणसं यायची, कारण टेकडीवरून पाणी अजून किती उतरणार आहे ते त्यांनाच ठाऊक. वाढोणीची चार माणसं यायची, कारण पाणी अडलं की कोरड त्यांना पडणार. म्हणून दोन खांबांमधल्या एका खणातली एक पाटी उघडी ठेवायची, तेवढी धार वाढोणीला जात राहायची. या सगळ्याचा एक कागद नव्हता. भाऊंना हेच खटकलं.

भाऊंचा आवडता शब्द ‘सर्वानुमते’. मतदानाचा त्यांना तिटकारा होता. मतं मोजली की माणसं दुरावतात, असं ते डोळे मिटून सांगत. त्यांची रीत वेगळीच होती. ज्या विषयावर भांडण होणार तो विषय ते सगळ्यात शेवटी ठेवत आणि चहा लांबवत नेत. म्हशी दुहायची वेळ झाली की ज्यांच्या घरी म्हशी होत्या ते उठत, आणि विरोध करणाऱ्यांकडेच नेमक्या म्हशी होत्या. ते वाटेला लागले की भाऊ माझ्याकडे पाहून म्हणायचे, “लिवा गुर्जी, सर्वानुमते.” मी लिहायचो, ठळक आणि वळणदार.

मोबाईलवर त्यांनी ‘नदी आपली’ नावाचा गट काढला होता. तिन्ही गावांतली माणसं त्यात होती. लिहायची मुभा फक्त भाऊंना. रोज सकाळी कुठल्यातरी परदेशी धबधब्याचं चित्र यायचं आणि त्याखाली ‘पाणी अडवण्याआधी मनं जोडा’. टोलीच्या सोमाजी मडावीनं मला एकदा विचारलं होतं की गुर्जी, याच्यात ‘टोलीवरची झाडं कोनी तोडून राह्यलं’ असं लिवाचं असंल तर कुठं लिवाचं? मी त्याला म्हटलं, मला सांग, मी भाऊंना सांगतो. सांगितलं की नाही ते आता आठवत नाही, म्हणजे नसेलच सांगितलं.

एकदा जिल्ह्याच्या गावाहून कोणी मॅडम आल्या. गावकऱ्यांनीच आपल्या हातानं नदीच्या खोऱ्याचा नकाशा जमिनीवर काढावा, असा त्यांचा कार्यक्रम होता. भाऊंनी लग्नाची रांगोळी घालणाऱ्या दोन पोरी आर्वीहून आणल्या. निळ्या रांगोळीनं नदी काढली, तीही अशी रुंद की खरी कन्हाळी तिच्यापुढे लाजली असती. काठानं नारळाची झाडं. आमच्याकडे नारळ लागत नाही, पण पोरींना तेवढंच येत होतं. मग मांडवाची सावली सरकली आणि पाहुण्यांना ऊन लागायला लागलं, तेव्हा भाऊंनी मखमलीचा सोफा उचलून सावलीत ठेवायला लावला, नकाशाच्या वरच्या कोपऱ्यावर.

मॅडमनी विचारलं, नकाशात आपापलं घर कुणाकुणाला सापडलं? बेलखेडीवाल्यांनी बोटं दाखवली, वाढोणीवाल्यांनीही दाखवली. सोमाजी नकाशाभोवती अजून फिरत होता.

“तुमची टोली कुठे आहे?” मॅडमनी त्याला विचारलं.

“सोफ्याखाली हाये जी,” सोमाजी म्हणाला.

लोक हसले. भाऊही हसले, आणि म्हणाले की फोटो झाला की सोफा सरकवू. फोटो झाला, जेवणं झाली, मॅडम गेल्या. सोफा मग थेट टेम्पोत चढला. ज्या टेकडीवरून नदीचं सगळं पाणी उतरतं ती टेकडी त्या दिवशी नकाशात आलीच नाही, आणि अहवालात मात्र ‘खोऱ्यातील सर्व घटकांचा सहभाग’ असं आलं. ते अक्षरही माझंच.

भाऊंनी कधी कशावर हात मारला नाही, हे मान्य केलं पाहिजे. उलट पदरचा मांडव घालायचे. नदीवर बोलताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच रडू यायचं. मला त्यांची सगळ्यात जास्त चीड आली ती यामुळेच. लबाड माणूस असता तर गावानं त्याला चार दिवसांत ओळखलं असतं. खरं रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कोणाला सुचत नाही. आणि एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. नदीवरच्या कार्यक्रमाचा मांडव ते नेहमी पाण्यापासून लांब, वरच्या माळावर घालत. शेवटच्या खुर्चीच्या पुढे मी त्यांना कधी पाऊल टाकताना पाहिलं नाही.

आता पाट्यांचं सांगतो. समितीनं ठराव केला की सार्वजनिक मालमत्ता विहाराच्या ओसरीत उघड्यावर असणं बरं नव्हे, ती भाऊंच्या गोडाऊनमध्ये कुलपात राहावी. एक चाबी अध्यक्षांकडे, एक सचिवाकडे, आणि कुलूप उघडायचं ते दोघांच्या हजेरीतच. वस्तीतल्या लोकांनी विचारलं की आमच्या ओसरीतून आजवर एक तरी पाटी गेली का? तोवर म्हशी दुहायची वेळ झाली होती. सर्वानुमते.

त्या वस्तीत सुमनबाई गजभिये राहते. नवरा वारल्यावर तिनं नदीकाठच्या आपल्या तुकड्यात भाजीची वाडी उभी केली. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी मेथी. हिवाळाभर पहाटेच्या बसनं गाठोडं घेऊन ती आर्वीला जायची. तिची विहीर बंधाऱ्याच्या पाण्यावर जगते. बंधारा भरला तर विहिरीत होळीपर्यंत पाणी, नाही भरला तर संक्रांतीलाच बादली तळाला खडखडते. तिच्या घरात दुसरं काही येत नव्हतं. ती वाडी होती म्हणून दोन पोरी कॉलेजात होत्या.

त्या वर्षी पाऊस लवकर सरला. नवरात्रातच पाणी नितळलं. आणि नेमकं तेव्हाच भाऊंना पुण्याच्या कुठल्याशा परिषदेचं बोलावणं आलं. विषय होता नदी व्यवस्थापनात लोकांचा सहभाग. ते नवा जोधपुरी शिवून गेले. जाताना सांगून गेले की पाट्या टाकायच्या कार्यक्रमाला मोठे साहेब येणार आहेत, त्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, तोवर कुलुपाला हात लावायचा नाही. आणि आपली चाबी खिशात घालून गेले.

सुमनबाई माझ्याकडे तीनदा आली. पहिल्यांदा आली तेव्हा पाणी पोटरीला होतं. मी म्हटलं, भाऊंना फोन करतो. केला. मागून टाळ्या ऐकू येत होत्या. मी म्हटलं, भाऊ, नदी उतरून राहिली आहे, पाट्या टाकून घेऊ का? त्यावर ते जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“गुर्जी,” ते म्हणाले, “नदीले घाई नसते. मानसाले असते.”

मला वाटतं हेच वाक्य नंतर त्यांनी तिथल्या भाषणातही घातलं असणार. दुसऱ्यांदा सुमनबाई आली तेव्हा पाणी घोट्याला आलं होतं. मी तिला साहेबांची तारीख सांगितली.  तिसऱ्यांदा आली तेव्हा ती ओसरीच्या खाली अंगणातच उभी राहिली. वर ये म्हटलं तरी आली नाही.

“जय भीम गुर्जी. एक चाबी तुमच्याजवळ हाये न?”

“आहे. पण ठरावात लिहिलंय, दोघं पाहिजेत.”

“ठराव कोनं लिवला?”

“मी.”

“मंग?” ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, भाऊंना येऊ द्या. चाबी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. बोलताना मी खिशावर हात ठेवून उभा होतो, कोणी चाबी हिसकावून नेईल की काय अशा थाटात. भाऊंबद्दल इतका वेळ नाकानं कांदे सोलतो आहे, तेव्हा हेही इथं लिहून टाकलेलं बरं. भाऊ निदान पुण्यात होते. मी त्या कुलपापासून शंभर पावलांवर होतो.

दिवाळीनंतर कार्यक्रम झाला. मांडव, सनई, साहेब, हार. नदीत तेव्हा करंगळीएवढी धार होती. साहेबांनी काठावरच्या पाटीला हळदकुंकू वाहिलं, आणि मजुरांनी ती खाचेत सोडली. बंधाऱ्यात हातभर डबकं साचलं. फोटोवाल्यानं खाली बसून असा काही फोटो काढला की ते सरोवर वाटावं. भाऊ तास दीड तास बोलले आणि मधे एकदा रडले.

संक्रांतीच्या आत सुमनबाईच्या विहिरीचा तळ दिसला. वांगी फुलावर होती. फूल गळायला लागलं तेव्हा तिनं आठ दिवस गावच्या नळावरून घागरी वाहिल्या, मग तेही सोडलं. एका सकाळी तिनं झाडं उपटून बकऱ्यांपुढे टाकली आणि दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली. मोठीनं कॉलेज सोडलं आणि आईसोबत वेचणीला जायला लागली. आर्वीच्या बाजारात सुमनबाई बसायची त्या जागेवर दुसऱ्याच कोणीतरी पोतं पसरलं. मला वाटेत भेटली की ती पूर्वीसारखंच जय भीम म्हणायची. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण तिनं ती सवलत मला दिली नाही.

पुढच्या वर्षी नवरात्रात पाणी नितळलं तेव्हा सुमनबाई माझ्याकडे आली नाही. एका सकाळी सोमाजी, वाढोणीचे तीन जण आणि वस्तीतली माणसं ट्रॅक्टर घेऊन थेट गोडाऊनपुढे उभी राहिली. सोमाजीच्या हातात कुलूप तोडायला लोखंडी सब्बल होती. भाऊ कुठल्याशा लग्नाचा मांडव घालायला पुलगावला गेले होते. मी धावत गेलो आणि चाबी काढून दिली.

“ठरावाचं कसं मंग, गुर्जी?” सोमाजीनं विचारलं.

माझ्याच अक्षरात आहे, मीच खोडतो, असं मी म्हटलं. तो हसला नाही. त्यानं सब्बल ट्रॅक्टरमध्ये ठेवली एवढंच. वर्षभर उशिरानं शूर झालेल्या माणसाला याहून जास्त काय मिळणार? दुपारपर्यंत पाट्या बसल्या. सुमनबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पाटीमागून पाटी सरकवत होती. वाढोणीसाठी एक पाटी उघडी ठेवली, पूर्वीसारखी. पंधरा दिवसांत बंधारा काठोकाठ भरला, आणि तिच्या विहिरीत वरून चौथी पायरी बुडाली.

भाऊंना हे कळलं तेव्हा ते संतापतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते संतापले नाहीत. ते साहेबांना आणि एका टीव्हीवाल्याला घेऊन आले, भरलेल्या बंधाऱ्याकडे हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, “हा पाहा साहेब, लोकांचा सहभाग.” त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्यांना मनापासून वाटत होतं की हे त्यांच्यामुळेच झालं आहे.

मग टीव्हीवाल्याला हौस आली की भाऊ स्वतः पाण्यात उतरून पाटी बसवताहेत असं दृश्य पाहिजे. काठाजवळच्या खणात पाणी गुडघाभरच होतं, आणि खांबाला एक जास्तीची खाच होती. तिथे एक शिल्लक पाटी नुसती सोडायची होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी पहिल्यांदा भीती पाहिली. बारा वर्षं मांडव लांब का घालत होते ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. माणूस पाण्याला भीत होता. लहानपणी कधी बुडता बुडता वाचला असेल, कोण जाणे. कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला जागा उरली नव्हती.

त्यांनी बूट काढले, पांढरे मोजे काढून बुटांत घातले, आणि ते उतरले. पाटीचं एक टोक सोमाजीनं धरलं, एक भाऊंनी.  पाटीच्या एका बाजूला रबराची पट्टी असते. ती बाजू बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला यावी लागते, म्हणजे पाण्याच्या दाबानं रबर खाचेला चिकटतं आणि गळती थांबते. भाऊंनी पाटी उलटी धरली होती. काठावर सुमनबाई विळा घेऊन उभी होती, वाडीतून तशीच आली होती.

“भाऊ, पाटी पलटवा,” ती शांतपणे म्हणाली. “रबर त्या आंगाले. पानी जिकडं जाते तिकडं.”

भाऊंनी पाण्याकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं. वाऱ्यानं बारीक लाटा उठत होत्या, त्याही उलट्या बाजूला सरकत होत्या. बंधारा त्यांच्या समोर होता. एका अंगाला पाणी भरलेलं, दुसऱ्या अंगाला नदी उघडी. माझ्या पहिलीतल्या पोरानं सांगितलं असतं. भाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग माइकवर बोलून सवयीचा झालेला तो मोठा आवाज अगदी लहान करून त्यांनी तिला विचारलं, “पानी कोनीकडं जाते?”

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. सुमनबाईनं विळा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात लांब करून दाखवला, वाढोणीकडे. भाऊंनी पाटी पलटवली. तेवढ्यात फोटो निघाला.

त्यानंतर ते नदीवर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून मुलाकडे नागपूरला गेले, आणि तिकडेच वारले. सुमनबाईची वाडी उभी आहे. मोठी पोरगी मात्र कॉलेजात परत गेली नाही. पाट्या आता पुन्हा विहाराच्या ओसरीत असतात.

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तोच फोटो घेतला आहे, मुलानं मला मोबाईलवर पाठवला. मधोमध भाऊ, गुडघाभर पाण्यात, हातात पाटी. सोमाजी कापला गेला आहे. सुमनबाईही कापली गेली आहे, फक्त तिचा हात कोपरापासून पुढे राहिला आहे, भाऊंच्या खांद्याला लागून, बोट लांब केलेलं. नीट पाहिलं नाही तर तो हात भाऊंचाच वाटतो. मुलानं खाली छापायला एक ओळ मागितली आहे, चांगल्या अक्षरात. त्याला सुचलेली ओळ अशी आहे: ‘नदीला दिशा देणारे भाऊ.’